पाठ केलेला इंग्रजी शब्द ऐनवेळी का सापडत नाही? उच्चार, पायरी आणि चौकट यांसकट शब्द कसा शिकावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका गावात मराठी माध्यमातून बारावी झाली, आता बँकेच्या आणि सरळसेवा भरतीच्या परीक्षांची तयारी चालू आहे. पाच हजार शब्दांची एक पुस्तिका घेतली, रोज ५० शब्द पाठ होतात, पण महिन्याने निम्मेही आठवत नाहीत. उच्चार पुस्तिकेत देवनागरीत छापलेत तसेच म्हटले, तर मुलाखतीत समोरच्याने दोनदा 'पुन्हा सांगा' म्हटलं. आणि मोबाइलवरच्या शब्दकोशात शब्दापुढे ए२, बी१ असं काही दिसतं, त्याचं काय करायचं?

दिवसाला ५० हा आकडा जास्त आहेच, पण खरी अडचण पुस्तिकेतल्या नोंदीत आहे. इंग्रजी शब्द आणि समोर एक मराठी अर्थ, एवढ्यावर शब्द फार तर ओळखता येतो. वापरायचा म्हटलं की आणखी चार गोष्टी लागतात: उच्चार आणि जोर, शब्दाची जात, तो कुठल्या चौकटीत बसतो ते, म्हणजे त्याच्या मागेपुढे काय येतं ते, आणि त्याची पायरी, म्हणजे तेच ए२, बी१. चांगल्या शब्दकोशात हे सगळं असतं. आपण फक्त अर्थ बघून पान बंद करतो.

एक शब्द पूर्ण उघडून बघू. अफोर्ड. पुस्तिकेत लिहिलेलं असतं 'परवडणे', आणि ते बरोबरच आहे. आता 'हे बियाणं मला परवडत नाही' याचं इंग्रजी करा. मराठीत परवडतं ते बियाणं. क्रियापद बियाण्याच्या मागे चालतं आणि माणूस 'मला' होऊन बाजूला बसतो. त्या सवयीने वाक्य होतं, 'धिस सीड डझ नॉट अफोर्ड मी'. म्हणजे बियाण्यालाच मी परवडत नाही. इंग्रजीत अफोर्ड करतो तो माणूस, म्हणून 'आय कान्ट अफोर्ड धिस सीड'. शब्दकोशातली नोंद नीट वाचली तर आणखी दिसतं की या अर्थाने हा शब्द जवळजवळ नेहमी कॅन, कुड किंवा बी एबल टू यांच्यामागे येतो, आणि जास्त करून नकारात किंवा प्रश्नात. त्याच्यापुढे नाम येतं, नाहीतर टू लावून क्रियापद: 'वी कान्ट अफोर्ड टू वेट'. त्याला आयएनजी लागत नाही. जात क्रियापद, पायरी बी१. उच्चार अ-फॉर्ड, जोर दुसऱ्या तुकड्यावर, पहिला 'अ' अगदी हलका. ही झाली एका शब्दाची नोंद. असे आठ शब्द दिवसाला झाले तरी भरपूर झाले.

परवडण्यासारखी क्रियापदं मराठीत पुष्कळ आहेत: मला आवडतं, मला समजतं, मला आठवतं, मला मिळालं, मला हवंय. अशा शब्दाचा अर्थ वहीत नुसता 'आवडणे' असा लिहू नका. 'माणूस कर्ता' असा शेरा मारून ठेवा, पुढची निम्मी चूक तिथेच टळते.

आता पायऱ्या. ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ ही सहा पायऱ्यांची मोजपट्टी युरोप कौन्सिलने २००१ साली प्रसिद्ध केली. ती मुळात माणसाची भाषा मोजण्यासाठी आहे: ए१ म्हणजे अगदी सुरुवात, सी२ म्हणजे त्या भाषेत सहज वावरणारा. पुढे शब्दकोशवाल्यांनी तीच पट्टी शब्दांना लावली. शिकणारा साधारण कुठल्या पायरीवर असताना हा शब्द त्याच्या उपयोगाचा असतो, एवढंच ते अक्षर सांगतं. ऑक्सफर्डची ३००० शब्दांची यादी ए१ ते बी२ पर्यंत जाते. ५००० ची यादी त्यात बी२ आणि सी१ चे आणखी २००० शब्द घालते. लाँगमनच्या शब्दकोशात वेगळी खूण आहे. तिथे एस१ म्हणजे बोलण्यातल्या सर्वांत जास्त वापराच्या पहिल्या हजारातला शब्द, डब्ल्यू१ म्हणजे लिहिण्यातल्या पहिल्या हजारातला. दोन शब्दकोशांत एकाच शब्दाची पायरी एखाद्या घराने मागेपुढे दिसली तर गोंधळू नका. एक शब्दकोश धरा आणि त्याच्याच खुणा पाळा.

पायरी बघताना दोन गोष्टी सुटतात. पहिली अशी की पायरी शब्दाची असते तितकीच अर्थाची असते. ॲड्रेस म्हणजे पत्ता, हा अगदी पहिल्या पायरीचा. 'ॲड्रेस अ प्रॉब्लेम', म्हणजे अडचणीला हात घालणे, हा त्याच शब्दाचा बराच वरचा अर्थ. रन म्हणजे धावणे तळाला, रन म्हणजे दुकान चालवणे त्याच्या वर. म्हणून एका शब्दाचे सातही अर्थ एका दिवशी लिहू नयेत. आपल्या पायरीपर्यंतचे घ्यावेत आणि बाकीचे तो शब्द पुन्हा भेटेल तेव्हा. दुसरी गोष्ट: खालची पायरी म्हणजे सोपा उच्चार असं नाही. क्लोद्झ, व्हेजटबल, वेन्झडे, विमिन, बिझनिस हे सगळे तळाचे, रोजचे शब्द. त्यांचेच 'क्लॉथेस', 'व्हेजिटेबल', 'वेडनेसडे', 'वुमेन', 'बिझीनेस' होतात. 'हे मला येतं' म्हणून ए१ चे शब्द वगळणाऱ्यांचे उच्चार नेमके तिथेच अडखळतात.

बाय ए१ वर आहे, पर्चस बी२ वर. अर्थ दोन्हींचा विकत घेणे. पर्चस दुकानाच्या पावतीवर, करारात, बँकेच्या कागदात शोभतो. 'आय पर्चस्ड मिल्क' म्हणणारा माणूस विचित्र वाटतो. आणि तो शब्द 'परचेज' नाही. सरकारी कचेरीपासून मोंढ्यातल्या आडतीपर्यंत सगळीकडे तो तसाच म्हटला जातो, पण शेवटी 'चस' आहे आणि जोर पहिल्या 'पर' वर.

तुमच्या पुस्तिकेचं म्हणाल तर अशा पुस्तिकांत गॅरुलस, लोक्वेशस यांसारखे शब्द सुरुवातीलाच भरलेले असतात. हे दोन्ही शब्द ऑक्सफर्डच्या ५००० शब्दांतसुद्धा नाहीत. समानार्थी शब्दाच्या एखाद्या प्रश्नात ते येऊ शकतात, म्हणून नंतर ओळखीपुरते बघावेत. पण उताऱ्यावरचे प्रश्न, गाळलेल्या जागा आणि वाक्यातल्या चुका यांचा भार बी१ आणि बी२ च्या शब्दांवर असतो, आणि मुलाखत ए२ आणि बी१ वर निभावते.

उच्चारावर आता जरा जास्त थांबतो. खरा तोटा इथे होतो, आणि मराठी माणसाला इथे जे आयतं मिळालेलं आहे त्याचा वापर कुणी करत नाही.

देवनागरीत उच्चार लिहू नये असं काही जण सांगतात. माझं मत उलट आहे. देवनागरी चांगलं हत्यार आहे, फक्त धार लावून घ्यावी लागते. आपल्याकडे ॲ आणि ऑ आहेत, म्हणून बॅड आणि बेड, लॉन आणि लोन वेगळे लिहिता येतात. गावाकडे 'ब्याग', 'डाक्टर', 'कालेज' चालतं ते तोंडाच्या सवयीने. लिपीत सोय आहे, ती वापरा. लग्नाचं लॉन आणि बँकेचं लोन यांत तोंड किती उघडतं ते आरशात बघा. लॉनला जबडा खाली येतो, लोनला ओठ गोल होऊन मिटत जातात.

लिपी फसवते ती दोन-तीन ठिकाणी. पहिलं ठिकाण ऱ्हस्व-दीर्घ. आपल्या शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घच लिहायचा असतो, म्हणून 'सिटी' लिहिताना शेवटी दीर्घ ई येते. ती नियमाने आली आहे, उच्चाराने नाही. वहीत हा नियम बाजूला ठेवा आणि ऐकू येईल तसं लिहा. शिप आणि शीप, फिल आणि फील यांत अर्थ बदलतो.

दुसरं ठिकाण व आणि व्ह. इंग्रजीत दोन वेगळे आवाज आहेत. एकात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात: व्हॅन, व्हेस्ट, व्हाइन. दुसऱ्यात दात कुठेच लागत नाहीत, शिट्टी मारताना होतो तसा ओठांचा चंबू होतो: वेस्ट, वाइन, वॉल. मराठीत हा फरक व्ह आणि व असा लिहिण्याची पद्धत आहे आणि ती उत्तम आहे. घोटाळा असा की डब्ल्यू आणि एच जोडून आले की आपण सवयीने तिथेही व्ह लिहितो: व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय. हे सगळे चंबूवाले आहेत. वहीत वॉट, वेअर, वेन, वाय असंच लिहा. मुलाखतीत हे शब्द दर मिनिटाला येतात, त्यामुळे एवढी एक दुरुस्ती केली तरी बोलणं खूप स्वच्छ ऐकू येतं.

तिसरं ठिकाण ज आणि झ. 'जरा थांब' मधला ज आणि 'जरामरण' मधला ज वेगळा, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पण झिरो, प्राइझ, बिझी यांतला आवाज 'जरा थांब' मधल्या ज च्या शेजारचा आहे, तोच नाही. तो काढायचा तर लांब 'स्‌स्‌स्' म्हणत राहा, दोन बोटं गळ्याच्या घाटीवर ठेवा आणि जीभ न हलवता आवाज चालू करा. घाटी थरथरली की झालं. मराठवाड्यात शेजारी उर्दू बोलणारे असतात, 'ज़मीन' आणि 'ज़रूर' कानावर पडलेलं असतं. तोच हा आवाज. वहीत त्यासाठी ज खाली ठिपका द्या, म्हणजे झाडाच्या झ शी गल्लत होणार नाही. हा फरक अर्थ बदलतो: अडव्हाइस, शेवटी स, म्हणजे सल्ला. अडव्हाइझ, शेवटी ठिपक्याचा ज, म्हणजे सल्ला देणे. प्राइस म्हणजे किंमत, प्राइझ म्हणजे बक्षीस.

याहून मोठी गोष्ट म्हणजे जोर. मराठीत शब्दाच्या एखाद्या तुकड्यावर जोर दिला-न दिला तरी अर्थ बदलत नाही, म्हणून आपलं लक्षच तिकडे जात नाही. इंग्रजी ऐकणारा माणूस मात्र शब्द ओळखतो तो बऱ्याच अंशी जोरावरून. तुम्हाला 'पुन्हा सांगा' म्हटलं गेलं त्याचं कारण बहुतेक हेच असावं. बँकेच्या परीक्षेचेच शब्द घ्या. डिपॉझिट: जोर 'पॉ' वर. अकाउंट: जोर 'काउंट' वर, आधीचा अ पुसट. गॅरंटी: जोर शेवटच्या 'टी' वर. इन्ट्रस्ट: दोनच तुकडे, जोर पहिल्यावर, 'इंटरेस्ट' असे तीन तुकडे करू नयेत. मॉर्गेज: मधला टी मुका, म्हणजे मॉ-गिज. कर्जाला डेट, बी मुका. पावतीला रिसीट, पी मुका. रेकॉर्ड हा शब्द नाम असेल तर जोर 'रे' वर. क्रियापद असेल तर पहिला तुकडा 'रि' होतो आणि जोर 'कॉर्ड' वर जातो. कुटुंब वाढलं की जोर सरकतो: फो-ट-ग्राफ मध्ये पहिल्यावर, फ-टॉ-ग्र-फर मध्ये दुसऱ्यावर, फो-ट-ग्रॅ-फिक मध्ये तिसऱ्यावर. जोर सरकला की बाकीचे स्वर चेपून 'अ' होतात, हे याच तीन शब्दांत दिसतं.

वहीत जोर दाखवायला देवनागरीने एक छान सोय दिली आहे. शब्दाचे तुकडे पाडून लिहा आणि जोराच्या तुकड्यावरची शिरोरेषा दुहेरी ओढा. चेपलेला 'अ' असेल तिथे शिरोरेषा ओढूच नका. महिनाभराने पान उघडलं तरी शब्दाची चाल डोळ्याला दिसते.

शब्दकोशात उच्चार तिरक्या रेघांमध्ये वेगळ्या चिन्हांत दिलेला असतो. ही चिन्हं आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटनेची, संघटना १८८६ साली पॅरिसमध्ये सुरू झालेली. सगळी चिन्हं पाठ करायची गरज नाही, पण पाच ओळखा. वरच्या बाजूला छोटी उभी रेघ म्हणजे जोर, आणि तो रेघेच्या पुढच्या तुकड्यावर असतो. पुष्कळ जण तो मागच्या तुकड्यावर धरतात आणि नेमकं उलटं म्हणतात. तीच रेघ खालच्या बाजूला असेल तर दुय्यम जोर. उलटा फिरवलेला छोटा ई म्हणजे चेपलेला अ. स्वरापुढे दोन ठिपके म्हणजे दीर्घ. आणि जे हे अक्षर या चिन्हांत य साठी आहे, ज साठी नाही. 'येस' ची नोंद जे ने सुरू झालेली दिसली तर छपाईची चूक समजू नका.

ब्रिटिश की अमेरिकन? कुठलाही एक धरा. ब्रिटिश नोंदीत कार, टीचर यांच्या शेवटचा र गायब दिसेल. तुम्ही र म्हणत राहिलात तरी काही बिघडत नाही. थिंक चा थ आणि ट-ड ची जात यांवरही वेळ घालवू नका, आपला थ सगळ्यांना कळतो.

भूतकाळाच्या ईडी चं मात्र बघाच, कारण ते 'वॉकेड', 'हेल्पेड' असं म्हटलं जातं आणि कानाला लगेच खटकतं. नियम शाळेतल्या व्याकरणातच आहे. कठोर व्यंजनं आणि मृदू व्यंजनं आठवा. क्रियापदाच्या शेवटी कठोर आवाज असेल, म्हणजे क, च, प, स, श, किंवा हवेचा फ, तर ईडी चा ट होतो: वॉक्ट, वॉच्ट, हेल्प्ट, लाफ्ट. मृदू आवाज किंवा स्वर असेल तर ड: बेग्ड, रब्ड, प्लेड, बॉरोड. शेवटी मुळातच ट किंवा ड असेल तर इड: वॉन्टिड, नीडिड. विपद् आणि काल मिळून विपत्काल होतो, कठोराच्या शेजारी द चा त होतो, तेच हे तत्त्व. संधीत आधीचं अक्षर बदलतं, इथे मागून आलेलं बदलतं, एवढाच फरक. अनेकवचनाच्या एस लाही हेच लागू: बुक्स, पण बॅग्ज़, आणि स, श, च, ज सारख्या आवाजानंतर इज़, जसं बसिज़. ज्याला संधी येते त्याला हा नियम नव्याने शिकावाच लागत नाही.

आता चौकट. आपल्या बोलीचा एक फायदा इथे सांगायला हवा. 'मी जेवायलो', 'पाऊस पडायलाय', 'काय करायलास?' हे आपलं रूप आयएनजी च्या काळाशी अगदी चपखल बसतं, म्हणून मराठवाड्यातल्या मुलाला 'आय ॲम ईटिंग' पटकन येतं. अडचण तेच रूप 'मला समजायलंय', 'मला वाटायलंय' इथे आलं की होते. नो, अंडरस्टँड, लाइक, वॉन्ट, नीड, बिलाँग ही क्रियापदं स्थिती सांगतात. त्यांना सहसा आयएनजी लागत नाही. 'आय ॲम नोइंग हिम' होत नाही, 'आय नो हिम'. शब्दकोशात अशा शब्दापुढे चालू काळात वापरत नाहीत असा शेरा असतो. तो दिसला की वहीत उतरवून घ्या.

मराठी प्रत्ययांमुळे आणखी चुका येतात. 'विषयावर चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट' होतं. डिस्कस पुढे थेट विषय येतो, अबाउट नको. 'मला सांगा, मला सुचवा' म्हणून 'एक्सप्लेन मी', 'सजेस्ट मी' होतं. 'एक्सप्लेन इट टू मी' आणि 'सजेस्ट अ बुक टू मी' असं हवं. नामांपुढे सी किंवा यू असं अक्षर असतं: सी म्हणजे मोजता येणारं, यू म्हणजे न मोजता येणारं. इन्फर्मेशन, अडव्हाइस, फर्निचर, इक्विपमेंट, लगेज हे यू आहेत. त्यांना एस लावायचा नाही आणि आधी 'अन' ही लावायचा नाही. आपल्याकडे सूचना आणि सल्ले मोजता येतात, म्हणून इथे हमखास घसरायला होतं.

काही मराठी शब्द इतके ऐसपैस आहेत की त्यांच्यासमोर इंग्रजीत तीन-तीन शब्द उभे राहतात. बघणे म्हणजे सी, लुक ॲट आणि वॉच. शेताकडे नजर गेली आणि काही दिसलं तर सी, मुद्दाम नजर लावली तर लुक ॲट, सामना किंवा हलणारी गोष्ट बघत बसलात तर वॉच. अशा शब्दांना एकेकटं शिकू नका, शेजारी-शेजारी लिहा. जोड्यांचंही तसंच: कडक चहा स्ट्राँग, कडक बिस्किट हार्ड, कडक ऊन हॉट, कडक शिक्षक स्ट्रिक्ट. मुसळधार पाऊस हेवी रेन. 'लाईट बंद कर' याला क्लोज चालत नाही, टर्न ऑफ.

इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश कधी घ्यावा? विद्यार्थ्यांसाठीचे शब्दकोश मुळात परभाषकांसाठीच जन्मले आहेत. मायकेल वेस्ट ढाक्याला शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात होते. त्यांच्या १९३५ सालच्या शब्दकोशात सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ फक्त १,४९० शब्दांत समजावले होते. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिकवत असत, त्यांचा कोश १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डचा झाला. लाँगमनने १९७८ साली सुमारे २००० शब्दांची मर्यादा घालून घेतली. म्हणजे ते २००० शब्द आले की उरलेला कोश वाचता येतो. स्वतःची परीक्षा अशी घ्या: माहीत असलेल्या दहा शब्दांच्या व्याख्या वाचा. सात-आठ व्याख्या एकही शब्द न अडता कळल्या तर आजपासून इंग्रजी-इंग्रजी वापरा. तसं नसेल तर अजून तीन-चार महिने मराठी अर्थाचा आधार असू द्या, त्यात कमीपणा नाही. मात्र व्याख्येखालची उदाहरणाची वाक्यं दोन्ही वेळा वाचायचीच.

शब्दापुढचे फॉर्मल, इन्फॉर्मल, ओल्ड-फॅशन्ड, इंडियन इंग्लिश हे शेरेही बघा. आपल्या रोजच्या मराठीत मिसळलेल्या इंग्रजी शब्दांचे अर्थ इथले झालेले आहेत. हॉटेल म्हणजे आपल्याकडे चहा-भज्याचंही ठिकाण. इंग्रजीत तिथे मुक्कामाची खोली हवी. 'करंट बसला' याला 'आय गॉट अ शॉक'. बँकेत करंट म्हणजे चालू, करंट अकाउंट. 'लाईट गेली' ला 'द पॉवर इज आउट'. सगळ्यात महागात पडणारा शब्द पास आउट. 'आय पास्ड आउट इन २०२३' म्हणजे परक्या कानाला मी २०२३ साली बेशुद्ध पडलो. त्याऐवजी 'आय कम्प्लीटेड ट्वेल्फ्थ इन २०२३' म्हणावं.

वही कशी ठेवायची? २०० पानी लाँग बुक घ्या आणि प्रत्येक शब्दाला चार ओळी द्या. बॉरो या शब्दाची नोंद अशी होईल. पहिली ओळ: इंग्रजी स्पेलिंग आणि 'बॉ-रो', बॉ वर दुहेरी शिरोरेषा. दुसरी: क्रियापद, ए२. तिसरी: चौकट, अमुक गोष्ट फ्रॉम अमुक माणूस, उसनं घेणे, देणाऱ्यासाठी लेंड. चौथी: स्वतःचं वाक्य, घरातलं किंवा गावातलं, आकड्यासकट, म्हणजे 'माय अंकल बॉरोड फिफ्टी थाउझंड रुपीज फ्रॉम द बँक इन जून'. कोशातलं वाक्य उतरवून काढलं तर ते राहत नाही. काकांच्या पेरणीचं कर्ज लक्षात राहतं.

दिवसाला आठ, आठवड्यात सहा दिवस, म्हणजे ४८. रविवारी नवीन शब्द नाही. उजळणी दुसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. उजळणी म्हणजे पान पुन्हा वाचणं नव्हे, त्याने ओळख वाढते आणि येतंय असा भास होतो. पहिल्या दोन ओळी आणि चौथी ओळ झाकून, तिसऱ्या ओळीतल्या मराठी अर्थावरून पूर्ण इंग्रजी वाक्य मोठ्याने म्हणा. अडलं तर शब्दासमोर टिंब. तीन टिंबं झाली तर तो शब्द नव्याने लिहा. उच्चारासाठी कोशातला स्पीकर दाबून तीनदा ऐका, मग मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून दोन्ही पाठोपाठ लावा. तुकड्यांची संख्या आणि जोर, एवढंच ताडून बघा. या गतीने दहा महिन्यांत सुमारे २००० शब्द होतात, म्हणजे वर सांगितलेली लाँगमनची मर्यादा गाठली जाते.

जुनी पुस्तिका फेकू नका. पेन्सिल घ्या, एकेक शब्द कोशात बघा आणि शेजारी पायरी लिहा. ए१ ते बी१ वर गोल करा, ते वहीत येतील. बी२ ला आडवी रेघ, ते वाचताना भेटू द्या. ज्यांना पायरीच नाही ते परीक्षेच्या आधीच्या दोन महिन्यांसाठी.

मुलाखत जवळ असेल तर या सगळ्याआधी एक काम करा: स्वतःची ओळख लिहून काढा आणि तिच्यातल्या प्रत्येक शब्दाचा जोर तपासा. हेच शब्द तुम्ही नक्की म्हणणार आहात. सर्टिफिकेट मध्ये जोर 'टि' वर, शेवट 'कट' सारखा. परसेंटेज मध्ये 'सेन' वर, शेवट 'टिज'. कॉमर्स आणि ॲग्रिकल्चर, दोन्हींत पहिल्यावर. ग्रॅज्युएट माणूस असेल तर शेवट 'अट', पदवी घेणे हे क्रियापद असेल तर 'एट'. दुष्काळाचा विषय निघाला, आणि आपल्याकडच्या उमेदवाराला तो विचारला जातोच, तर तो शब्द ड्राउट, आउट शी जुळणारा. 'ड्रॉट' किंवा 'ड्राफ्ट' नव्हे. आणि ज्वारीला सॉर्गम, त्यातला एच मुका.